तांब्याभर ओल

यंत्र धरायचं ते मनगट ताठ ठेवून.
हातात झुलवलं की ते खोटं बोलतं.
टोक जमिनीपासून घोट्याइतकं वर, एकेक पाऊल.
हे शिकवलं दुदम मास्तरांनी,
टेलिफोन खात्यातून निवृत्त,
हेडफोननं ज्यांच्या कानाच्या पाळीला घट्टा पडला होता.

साखर पेठेमागची गल्ली. एप्रिल.
साडेदहालाच डांबर चपलेला धरतंय.
उद्या ड्रेनेजसाठी जेसीबी येणार.
नकाशा म्हणतो, केबल रस्त्याच्या डाव्या अंगाला,
नव्वद सेंटिमीटर खाली.
नकाशावर सही आहे, शिक्का आहे,
डावं अंग कुठल्या टोकाकडून मोजायचं
तेवढं लिहिलेलं नाही.

एरवी फार काही करावं लागत नाही.
माग चालू असले की वीज आपणच गुणगुणते,
सेकंदाला पन्नास वेळा,
आपण वरून ऐकत जायचं.
आज दुरुस्तीसाठी लाईट बंद.
गल्लीत माणसांचे आवाज ऐकू येतायत, म्हणजे बघा.
ज्या तारेतून कुणी काही ओढत नाही
ती तार मुकी.

मग तिच्या तोंडी आपला सूर घालावा लागतो.
कोपऱ्यावरच्या पेटीत केबलच्या कवचाला चिमटा लावला,
दुसरी वायर सळईला, सळई मुरमात.
गेलेल्याला परतायला वाट लागते
आणि ती मातीतूनच असते.
माती कोरडी ठाक.
काटा हलेना.
शिवशरण म्हणाला, पाणी ओता.
बाटलीतलं आम्ही मघाच पिऊन बसलेलो.

उंबऱ्यात नरसम्मा, मांडीवर विड्यांचं सूप.
'काय हुडकायलाव ओ?'
वायर.
'हरवली का?'
नाही मावशी, ती आहे तिथंच आहे.
आम्हालाच माहीत नाही.

नळ इथं पाचव्या दिवशी. आज चौथा.
तिनं पिंपाकडे पाहिलं, मग सळईकडे,
मग बोटातली विडी पुरी वळून, दोरा गुंडाळून
उठली.
एक तांब्या.
मातीनं चुळूक आवाज केला
आणि काटा बारावरून अडुसष्टवर.

सूर आला. पण डावीकडे नाही.
रस्ता तिरका कापून तो निघाला तिच्याच पायरीकडे.
शिखर इथं, आणि शून्य वीतभर पलीकडे.
दोन्ही जुळले नाहीत की समजायचं,
शेजारच्या लोखंडी पाइपानं सूर उसना घेतलाय.
खालच्या पट्टीत उतरलो, पाचशे बारावर.
सळई उपटून लांब ठोकली,
तांब्यातला राहिलेला घोट तिच्या बुडाशी.
आता जुळले.

खोली काढायची तर यंत्र पंचेचाळीस अंशात कलतं करून
बाजूला सरकत जायचं, आवाज मरेपर्यंत.
जेवढं सरकलो तेवढी खोल.
मी सरकलो जेमतेम एक पाऊल.
पुन्हा मोजलं. पुन्हा तेवढंच.
अठ्ठावीस सेंटिमीटर.
आणि चार बोटांवर
शेळीची लोखंडी खुंटी,
हातभर लांब, डोक्यापर्यंत ठोकलेली.

शिवशरण शेळीकडे बघत राहिला.
शेळी तेंदूच्या कातरणाकडे.
'कधी ठोकली ओ ही?'
'थोरला जावई पहिल्यांदा आला त्या वर्षी.
का? वाकडी हाय का?'

काही बोललो नाही. लाल डबा हलवला,
पायरीपासून पेटीपर्यंत रेघ मारली, बाजूला आकडा.
खुंटीला मोठा गोल.
आज लाईट यायच्या आत कुणीतरी उपटायची ती,
त्यासाठी फोन लावला, लागला, उचलला नाही.
दुसऱ्यांदा उचलला.

'आता आमच्या नळाचा पाइप बी बघा की.
पाणी मधी कुठं जातंय म्हणून.'
तो नवा आहे मावशी, प्लास्टिकचा.
टाकताना सोबत तार टाकली असती तर कळलं असतं.
नुसतं प्लास्टिक माझ्याशी बोलत नाही.
'मग कसलं मशीन ह्ये,' ती म्हणाली,
आणि रिकामा तांब्या पदरानं पुसला.

निळा डबा पिशवीतच राहिला.

दोन वाजता लाईट आली.
एक माग, मग तीन, मग मोजता येईना.
यंत्र बंद करायचं राहिलं होतं,
ते पिशवीतून गुणगुणू लागलं.
सळई काढली. टोकाकडची चार बोटं ओली.
निघावं म्हटलं तर शेळी
माझ्या मोटारसायकलच्या हँडलला बांधलेली.